जर्मनीतल्या खात्यातून भावाचे पैसे गेले, बँक म्हणते 'मंजुरी तुम्हीच दिली' – पुढं काय करावं?

दुधनाकाठ, सेलू

नमस्कार. तिकडच्या बँकांचे नियम ज्यांना पक्के माहीत आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं. घरात सगळे हवालदिल झालेत.

धाकटा भाऊ जर्मनीत मास्टर्स करायलाय. परवा त्याला बँकेच्या नावानं एसएमएस आला: मंजुरीच्या ॲपची मुदत संपत आली, या लिंकवर जाऊन नूतनीकरण करा. त्यानं तिथं लॉगिन आणि पासवर्ड भरला. काल दुपारी फोन आला. पलीकडच्या माणसानं नाव, पत्ता, शिल्लक सगळं बरोबर सांगितलं. खात्यातून चोरीचा व्यवहार होतोय, तो रद्द करायला ॲपमध्ये मंजुरी द्या, असं म्हणाला. भावानं दोनदा मंजुरी दिली. २,७०० युरो त्याच मिनिटाला एका अनोळखी खात्यात गेले. संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच शहरातल्या दुकानांत त्याच्या कार्डावर ७५० युरोची खरेदी झाली. कार्ड मात्र त्याच्या खिशातच होतं.

बँकेला फोन केला तर उत्तर आलं, 'मंजुरी तुमच्याच फोनवरून दिलेली दिसते, परतावा मिळणार नाही.' अजून लेखी काही आलेलं नाही.

विचारायचं ते असं. बँकेचं हे उत्तर शेवटचं धरायचं का? खात्यात आता जेमतेम ६० युरो राहिलेत आणि एक तारखेला भाडं, विमा आपोआप कटतो, त्याचं काय? परभणीच्या सायबर पोलिसांकडं किंवा १९३० वर तक्रार दिली तर उपयोग होईल का? आणि तातडीनं पैसे पाठवायचे तर कसे? भावाच्या ग्रुपवरचा एक मुलगा म्हणायलाय की अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, इथं त्या मुलाच्या भावाच्या खात्यात रुपये टाकावेत, तो तिकडं लगेच युरो देईल.

मांजराकाठ, श्टुटगार्ट

ताई, आधी आजच्या आज करायची कामं सांगतो, कायद्याचं नंतर.

११६ ११६ हा जर्मनीत कार्ड आणि ऑनलाइन बँकिंग बंद करायचा चोवीस तासांचा नंबर आहे. भारतातून लावायचा तर आधी +४९. काही बँका या यंत्रणेत नाहीत, त्यांच्या स्वतःच्या नंबरवर लावावं लागतं. फोनवर तीन गोष्टी वेगवेगळ्या मागायच्या: ऑनलाइन प्रवेश बंद करा, प्लास्टिकचं कार्ड बंद करा, आणि या कार्डावरून मोबाइलमध्ये तयार झालेली सगळी डिजिटल कार्डं काढून टाका. तिसरी मागणी बहुतेक जण विसरतात. काही बँकांत डिजिटल कार्डाला वेगळा क्रमांक असतो, प्लास्टिकचं बंद केलं तरी चोराच्या फोनमधलं चालूच राहतं. तुमच्या भावाचे ७५० युरो याच वाटेनं गेलेत: दुसरी मंजुरी बहुधा चोराच्या फोनमध्ये कार्ड बसवायची होती. कॉल कोणत्या वेळी केला, कोणाशी बोलणं झालं, काय उत्तर मिळालं, हे लगेच लिहून ठेवा.

फसवणुकीचा एसएमएस, लिंक, कॉलची नोंद आणि ॲपमधल्या मंजुरीच्या सूचना यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या. ॲप काढून टाकू नका, फोन रीसेट करू नका. घाबरून लेकरं हेच करतात आणि पुरावा हातातून जातो.

त्यानंतर पोलीस. प्रत्येक राज्याचं 'ओन्लाइनवाखे' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथून तक्रार देता येते. जर्मन कच्ची असेल तर जर्मन येणाऱ्या वर्गमित्राला घेऊन चौकीत जावं. तक्रारीचा क्रमांक, म्हणजे 'आक्तनत्साइखन', घेतल्याशिवाय परत यायचं नाही. पुढं बँक, शुफा (लोकांची पत नोंदवणारी जर्मन संस्था), वकील सगळे तोच मागतात.

आता 'मंजुरी तुमचीच' या उत्तराबद्दल. फोनवरचं उत्तर धरू नका. जर्मन नागरी संहितेचं कलम ६७५यू सांगतं की ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराची रक्कम बँकेनं कळवल्यानंतरच्या कामकाजाच्या दिवसाअखेर परत खात्यात टाकायची. कलम ६७५व्ही प्रमाणं कार्ड किंवा मंजुरीचं साधन चोरीला जाऊन नुकसान झालं तर ग्राहकाच्या वाट्याला जास्तीत जास्त ५० युरो. यातून बँकेला सुटका मुख्यतः दोन गोष्टींनी मिळते: ग्राहकानं स्वतःच फसवणूक केली, किंवा त्याचा 'ग्रोबऽ फारलेसिश्काइट', म्हणजे ढोबळ निष्काळजीपणा होता. तो सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. कलम ६७५डब्ल्यू म्हणतं की प्रणालीत मंजुरीची नोंद दिसते एवढ्यावर संमती किंवा निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही.

म्हणून भावाचे दोन व्यवहार एका पत्रात असले तरी दोन वेगळे मुद्दे म्हणून मांडा.

७५० युरोच्या दुकानातल्या खरेदीला त्यानं एकदाही मंजुरी दिलेली नाही. फार तर कार्ड दुसऱ्या फोनमध्ये बसवायला दिली. कार्ड बसवायला हो म्हणणं म्हणजे पुढच्या प्रत्येक खरेदीला हो म्हणणं होत नाही. इथं बाजू बरीच बळकट आहे, मात्र बँक निष्काळजीपणाचा मुद्दा काढणारच.

२,७०० चं प्रकरण अवघड आहे, हे खोटा धीर न देता सांगतो. मंजुरीच्या पडद्यावर रक्कम, घेणाऱ्याचा आयबीएएन (खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि 'युबरवाइझुंग', म्हणजे 'पैसे पाठवणं', असं स्पष्ट दिसत असेल, तर बँक म्हणेल की वाचून नकार देता आला असता. पडद्यावर नुसतं 'आउफट्राग फ्रायगेबन', म्हणजे 'काम मंजूर करा' एवढंच असेल तर बाजू सुधारते. म्हणून तो पडदा हाच खटल्याचा जीव आहे. स्क्रीनशॉट नसेल तर बँकेकडून मागवा. माहिती संरक्षणाच्या युरोपीय नियमातल्या कलम १५ खाली भाऊ स्वतःबद्दलची सगळी नोंद मागू शकतो: कोणत्या उपकरणावरून लॉगिन झालं, नवं उपकरण किंवा कार्ड कधी जोडलं, मर्यादा कधी वाढवली, प्रत्येक मंजुरीच्या वेळी पडद्यावर कोणता मजकूर दाखवला. साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. जिथं बँकेनं दुहेरी ओळख मागायला हवी होती आणि मागितली नाही, तिथं ग्राहकावर नुकसान टाकता येत नाही, असंही ६७५व्ही मध्येच आहे. नोंदी हातात आल्यावर पहिल्यांदा तेच तपासायचं.

अजून एक विचारायचं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांत पैसे पाठवताना घेणाऱ्याचं नाव आणि आयबीएएन जुळतात का हे बँकेनं दाखवणं बंधनकारक आहे. नाव जुळत नसताना इशारा दाखवला का, कोणाच्या उपकरणावर दाखवला? तो चोराच्या पडद्यावर दिसला असेल तर भावाला तो दिसायचा प्रश्नच नव्हता, हे पत्रात लिहा.

बालाघाट, अंबाजोगाई

मांजराकाठ यांनी मुद्द्याचं सांगितलंय. पैसे परत ओढायची आशा किती, हे जोडतो, कारण घरची माणसं त्याच आशेवर फोन करत बसतात. साधी सेपा बदली, म्हणजे युरोतलं नेहमीचं हस्तांतरण, असती तर पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी पोचतात, मधे पकडायला थोडी फट असते. ही 'एश्टत्साइट', म्हणजे तात्काळ बदली होती. १० सेकंदांत पैसे दुसऱ्या बँकेत जातात. तरीही पाठवणाऱ्या बँकेला त्याच दिवशी 'फसवणूक' हे कारण देऊन रिकॉल, म्हणजे पैसे परत मागायची विनंती, पाठवायला सांगा. समोरच्या खात्यात शिल्लक असेल आणि त्या बँकेनं गोठवली असेल तर काही हाती लागतं. बहुतेक वेळा तिथून पैसे आधीच पुढं गेलेले असतात.

पुढच्यासाठी: तात्काळ बदलीची मर्यादा ग्राहकाला स्वतः खाली आणता येते. विद्यार्थ्याला रोजची ५०० युरो पुष्कळ झाली. ही सेटिंग करायला पाच मिनिटं लागतात.

१९३० बद्दल. ती यंत्रणा भारतीय बँका आणि यूपीआयमधले पैसे गोठवायला आहे. जर्मन खात्यातून जर्मन किंवा दुसऱ्या युरोपीय खात्यात गेलेल्या पैशावर तिचा हात पोचत नाही. परभणीत तक्रार देऊन युरो परत येणार नाहीत, उलट अण्णांचे चार दिवस तिथं जातील. मात्र भावाचं इथलं खातं, इथलं कार्ड किंवा भारतीय सिम त्या लिंकवर भरलं असेल, तर लगेच १९३० लावा. वेळ जाईल तशी गोठवायची शक्यता कमी होते.

वाळूजकर

ग्रुपवरचा रुपये-युरोचा सौदा करू नका. कृपया अण्णांना आत्ताच सांगा.

हे कसं चालतं ते समजून घ्या, म्हणजे घरात पटवून सांगता येईल. तिकडं युरो देणारा माणूस स्वतःचे युरो देतो की आणखी कोणाचे, हे भावाला कळायचा मार्ग नाही. फसवणुकीची टोळी चोरलेले युरो अशाच विद्यार्थ्यांच्या खात्यांतून फिरवते: तुमच्या भावाचे गेलेले २,७०० उद्या दुसऱ्या कोणा लेकराला 'भाड्याचे पैसे' म्हणून मिळतील. ज्याच्या खात्यात ते येतात त्याच्यावर मनी लाँडरिंगचा संशय येतो. जर्मन दंडसंहितेच्या कलम २६१ मध्ये बेफिकिरीनं केलेलंही बसतं, 'मला माहीत नव्हतं' एवढं पुरत नाही.

तिथल्या बँकेला संशय आला की ती सरकारी यंत्रणेकडं अहवाल पाठवते. व्यवहार लगेच पुढं सरकवता येत नाही, साधारण तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. आणि असा अहवाल पाठवलाय हे ग्राहकाला सांगायला कायद्यानंच मनाई आहे. त्यामुळं खातं बंद का पडलं असं विचारलं की ग्राहक सेवेवाले 'तपासणी सुरू आहे' एवढंच म्हणत राहतात. पोरं तिथं तासन्‌तास भांडतात. समोरच्याला सांगता येत नाही, म्हणून भांडण्याऐवजी पैसा कुठून आला याचे कागद लेखी पाठवावेत: करार, पगारपत्रक, घरून आलेल्या पैशाची स्विफ्ट पावती.

आता इकडची बाजू. अण्णांनी रुपये अनोळखी खात्यात टाकले तर परवानाधारक बँक सोडून परकीय चलनाचा व्यवहार झाला, तो फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या विरुद्ध आहे. उलट्या सौद्यात धोका याहून वाईट. म्हणजे भाऊ तिकडं युरो देतो आणि अण्णांच्या खात्यात कोणीतरी रुपये टाकतं. ते रुपये दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या फसवणुकीतले निघाले की तिथल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून अण्णांच्या खात्यावर होल्ड लागतो. पेन्शन, सोयाबीनचे पैसे, सगळं अडकतं.

ज्यांच्या घरी हे आधीच झालंय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. शाखेत लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागायच्या: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून होल्ड लावला, आणि वादातली रक्कम किती. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला खातेउतारा, आधार-पॅनची प्रत आणि पैसे का आले याचा खुलासा मेल करायचा, आणि होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवून बाकी खातं मोकळं करण्याची विनंती करायची. १ जुलै २०२४ पासून जप्तीचं कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १०६ आहे, अर्जात जुनं फौजदारी संहितेचं १०२ लिहू नका. पैसे घेऊन 'अनफ्रीज करून देतो' म्हणणाऱ्या एजंटांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

गोदाकाठ, नांदेड

पैसे पाठवायची सरळ वाट लिहिते.

अण्णांच्या खात्यावरून बँकेमार्फत, उदारीकृत प्रेषण योजनेखाली. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमचं काम त्यात आरामात बसतं. लागतं काय: अण्णांचं पॅन, फॉर्म ए-टू, भावाच्या पासपोर्टची आणि प्रवेशपत्राची प्रत, त्याचा आयबीएएन आणि बँकेचा बीआयसी कोड. उद्देशाचा कोड शिक्षणासाठी एस०३०५. 'कुटुंबाचा निर्वाह' असा वेगळा कोड आहे, काउंटरवर कधीकधी तोच टाकतात, मग करकपातीचा हिशेब बदलतो. फॉर्मवर सही करायच्या आधी तो रकाना वाचून घ्या.

सेलूसारख्या ठिकाणच्या प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही. शाखा अर्ज घेऊन परभणी, नांदेड किंवा संभाजीनगरच्या अधिकृत शाखेकडं पाठवते आणि एखादा कागद कमी असला की फाईल तिथंच पडून राहते. आधी फोन करून अधिकृत शाखा कोणती ते विचारा, थेट तिथं जा.

शुल्काचा रकाना नीट भरा. 'ओयूआर' लिहिलं तर मधल्या बँकेचा खर्च पाठवणाऱ्याकडं. 'एसएचए' लिहिलं तर मधली बँक वाटेतच काही युरो कापून घेते आणि पोचणारी रक्कम कमी भरते. भाड्यासाठी फारसं बिघडत नाही, पण ब्लॉक्ड खात्यासाठी (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं, दर महिन्याला ठरावीक रक्कम मोकळी करणारं खातं) फार बिघडतं: सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२, हा आकडा आहे. २० युरो कमी पडले तरी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र अडतं. तिथं थोडे जास्तच पाठवावेत.

टीसीएस म्हणजे उगमावर गोळा केलेला कर. १ एप्रिल २०२५ पासून एका वर्षात १० लाखांपर्यंत लागत नाही. रक्कम मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जात असेल तर वरच्या रकमेवरही नाही. लागला तरी तो अण्णांच्या विवरणपत्रात वळता होतो.

ताई, एक विचारू? भावाचं ब्लॉक्ड खातं आहे का? असेल तर महिन्याचे ९९२ कोणत्या खात्यात उतरतात? चोरांकडं लॉगिन गेलंय त्याच खात्यात उतरत असतील तर तेही बदलावं लागेल.

दुधनाकाठ, सेलू

सगळ्यांचे मनापासून आभार. ११६ ११६ वर फोन झाला, डिजिटल कार्डाचं वेगळं सांगितलं, एक अनोळखी फोन खरंच जोडलेला निघाला, तो काढला. पोलीस तक्रार ऑनलाइन दिली. ग्रुपवाल्या मुलाला नाही सांगितलं.

हो, ब्लॉक्ड खातं आहे आणि पैसे त्याच खात्यात उतरतात, पुढचा हप्ता आठवड्यावर आलाय.

आणखी एक. तूट भरायला त्यानं ऑनलाइन काम बघितलंय, 'बँकिंग ॲप तपासणं', घरबसल्या, एका तपासणीचे ४० युरो. पासपोर्ट हातात धरून व्हिडिओ कॉलवर ओळख द्यायची आणि कॉल घेणाऱ्यानं विचारलं तर 'मी हे स्वतःसाठी करतोय' असं म्हणायचं, असं त्यांनी सांगितलंय. हे ठीक आहे का?

मांजराकाठ, श्टुटगार्ट

नाही! तो कॉल करू देऊ नका. केला असेल तर तसं लगेच इथं लिहा.

ही जर्मनीतली नेहमीची युक्ती आहे. तिथं बँक खातं व्हिडिओ कॉलवर ओळख पटवून उघडता येतं, 'व्हिडिओआयडेंट' म्हणतात. तपासणी वगैरे काही नसतं, कॉल खऱ्या ओळख-सेवेचा असतो आणि त्याच्या नावावर खरंखुरं खातं उघडतं. लॉगिन जातं टोळीकडं. त्या खात्यात बनावट दुकानांचे, बनावट भाडेकरारांचे पैसे जमा होतात. काही महिन्यांनी पोलिसांचं पत्र येतं, आरोपी म्हणून. 'स्वतःसाठी करतोय असं म्हणा' ही सूचना त्यासाठीच, कारण ओळख घेणारा कर्मचारी नेमका हाच प्रश्न विचारतो: तुम्हाला कोणी हे करायला सांगितलंय का, नोकरीचा भाग म्हणून करताय का? त्या क्षणी खरं सांगितलं तर तो कॉल तिथंच तोडतो.

कॉल होऊन गेला असेल तर: कोणत्या बँकेचं खातं ते ओळख-सेवेच्या मेलवरून किंवा एसएमएसवरून शोधा, त्या बँकेला लेखी कळवून खातं बंद करायला सांगा, पोलिसांत दुसरी, स्वतंत्र तक्रार द्या. शुफाकडून कलम १५ खालची मोफत नोंद-प्रत मागवा, तिच्यात नावावरची खाती बऱ्यापैकी दिसतात. शुफाच्या संकेतस्थळावर तीच माहिती पैसे घेऊन देणारी सेवा आधी डोळ्यांत भरते, मोफत प्रत शोधावी लागते. ओळख चोरीला गेल्याची नोंदही शुफाकडं करता येते, त्याला पोलीस तक्रारीचा क्रमांक लागतो.

नुसता पासपोर्टचा फोटो पाठवला असेल तरी एवढं करा.

बालाघाट, अंबाजोगाई

एक तारखेच्या कपातीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

खात्यात पैसे नसले की 'लास्टश्रिफ्ट', म्हणजे आपोआप होणारी कपात, परत जाते आणि घेणारा परतीचं शुल्क लावतो. घरमालकाला आणि विमा कंपनीला आजच दोन ओळींचा मेल करा: खात्यावर फसवणूक झाली, पोलीस तक्रार क्रमांक अमुक, भाडं अमुक तारखेला नव्या खात्यातून देतो. एक भाडं चुकलं म्हणून तिथं कोणी लगेच बाहेर काढू शकत नाही, पण लागोपाठ दोन चुकली तर थेट करार मोडायचा हक्क घरमालकाला मिळतो. म्हणून भावानं गप्प राहू नये.

नवं खातं दुसऱ्या बँकेत उघडा. विद्यार्थी म्हणून नाकारलं तर 'बाझिसकोन्टो', म्हणजे मूलभूत खातं, मागायचं. जून २०१६ पासून तो कायदेशीर हक्क आहे, कायदेशीर वास्तव्य असलं की पुरे. अर्ज 'बाफिन' या बँक नियामकाच्या छापील नमुन्यावर करा म्हणजे टाळाटाळ होत नाही. १० कामकाजाच्या दिवसांत खातं उघडायचं किंवा कारण देऊन नाकारायचं, नाकारलं तर बाफिनकडं जाता येतं. मग ब्लॉक्ड खात्याच्या कंपनीला नवा आयबीएएन कळवा. ती बदलाची खातरजमा करायला ओळख मागते, हप्त्याच्या किमान चार-पाच दिवस आधी करा. नवं खातं वेळेत झालं नाही तर हप्ता थोडा थांबवून ठेवता येईल का ते विचारा.

जुन्या खात्याच्या उताऱ्यावर अजून दोन महिने नजर ठेवा. आयबीएएन चोरांना माहीत आहे, त्यावर कोणी खोटी लास्टश्रिफ्ट लावू शकतं. ती परत करणं मात्र सोपं: संमती दिली असेल तरी ८ आठवड्यांत कारण न देता परत मागता येते, संमती दिलीच नसेल तर १३ महिन्यांपर्यंत. कालची तात्काळ बदली मात्र या नियमात बसत नाही. विद्यार्थी दोन्हीची गल्लत करतात आणि '८ आठवड्यांत परत मिळतात' असं एकमेकांना सांगत राहतात.

गोदाकाठ, नांदेड

पुढचे काही आठवडे अण्णांनाही जपा. फसलेल्या माणसाचा नंबर विकला जातो. 'तुमचे बुडालेले युरो मिळवून देतो, आधी शुल्क भरा' असे फोन भावाला येतील. 'तुमच्या मुलाला जर्मनीत अटक झालीय' असे अण्णांना येऊ शकतात. घरात एक खुणेचा प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर समाजमाध्यमांवर कुठंच नाही. फोन ठेवायचा, भावाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा.

भावाचं इथलं बचत खातं अजून निवासी म्हणून चालू असेल तर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, करून घ्या. शिकायला गेलेला विद्यार्थीही फेमाखाली अनिवासी धरला जातो. अण्णा त्याचं नेटबँकिंग आणि ओटीपी वापरत असतील तर ते थांबवा, उद्या त्या खात्यात काही झालं तर बँक हेच बोट दाखवेल. त्याऐवजी बँकेत रीतसर मँडेट, म्हणजे व्यवहाराचं अधिकारपत्र, द्या, अण्णा स्वतःच्या सहीनं आणि स्वतःच्या लॉगिननं इथले व्यवहार करू शकतात. भारतीय सिमही चालू ठेवा. ते बंद पडून नंबर दुसऱ्याला गेला की ओटीपी त्याच्याकडं जातात.

दुधनाकाठ, सेलू

व्हिडिओ कॉल झाला नव्हता, पासपोर्टचा फोटो मात्र पाठवला होता. शुफाची मोफत प्रत मागवलीय. बँकेचं लेखी उत्तरही आलं: 'ढोबळ निष्काळजीपणा', परतावा नाही. आता वकील की आधी आणखी कुठं?

मांजराकाठ, श्टुटगार्ट

आधी बँकेलाच दुसरं पत्र. त्यात पाच गोष्टी असू द्या: दोन्ही रकमा, तारीख-वेळ, तक्रार क्रमांक, कलम ६७५यू खाली परताव्याची मागणी आणि १४ दिवसांची मुदत. निष्काळजीपणा नेमका कशात होता हे बँकेनं सिद्ध करावं, अशी ओळ घाला. भावानं स्वतःहून 'माझीच चूक झाली' असं कुठंही लिहू नये, फक्त घडलेला क्रम लिहावा. 'मी मंजुरी दिली' ऐवजी 'व्यवहार रद्द होतोय असं सांगून माझ्याकडून बटण दाबून घेतलं' असं लिहावं, कारण घडलं तेच आहे. कलम १५ ची नोंदींची मागणी याच पत्राबरोबर, पण वेगळ्या कागदावर.

मुदत गेली की तडजोड मंडळ, म्हणजे 'श्लिश्टुंग्सश्टेले'. खाजगी बँक, श्पार्कासे (बचत बँक) आणि फोल्क्सबँक (सहकारी बँक) यांची मंडळं वेगळी आहेत, कोणतं लागू ते बँकेच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. ग्राहकाला खर्च नाही, आणि निकाल पटला नाही तर न्यायालय मोकळंच राहतं. बाफिनकडंही तक्रार करा, पण ते वैयक्तिक रक्कम मिळवून देत नाहीत, बँकेनं नियम पाळला का एवढं बघतात.

वकिलाआधी विद्यापीठाच्या 'श्टुडिरेंडनव्हेर्क' या विद्यार्थी सेवा संस्थेत किंवा विद्यार्थी संघटनेत विचारा, बऱ्याच ठिकाणी कायद्याचा सल्ला मोफत असतो. ग्राहक केंद्र, 'फरब्राउखरत्सेंट्राले', थोडं शुल्क घेऊन पत्र तपासून देतं. उत्पन्न कमी असल्यानं भाऊ तिथल्या 'अम्ट्सगेरिष्ट', म्हणजे स्थानिक न्यायालयातून 'बेराटुंग्सहिल्फऽ', म्हणजे कायदा सल्ल्याच्या मदतीचा दाखला घेऊ शकतो. तो मिळाला की वकिलाच्या सल्ल्याला १५ युरो लागतात. दाखला वकिलाकडं जायच्या आधी घ्यायचा. ब्लॉक्ड खात्याचा उतारा, भाडेकरार आणि विम्याची पावती बरोबर न्यावी, कारण उत्पन्न आणि खर्च दोन्ही बघतात.

पत्र मेलनं पाठवा आणि टपालानं 'आइनश्रायबन', म्हणजे नोंदणीकृत टपालानंही. पावतीवरच्या क्रमांकावरून पोचल्याची तारीख दिसते, १४ दिवस त्या तारखेपासून मोजा. मसुदा तयार झाला की नाव, खाते क्रमांक काढून इथं टाका, कलमं बरोबर बसलीत का ते बघून सांगतो.